जुना कोड काढा, नोंद ठेवा

कोल्हापुरात सॉफ्टवेअरचं काम आता थोडंथोडकं राहिलेलं नाही. गावोगावच्या दूध संस्थांची बिलं, पतसंस्थांची खाती, ऊसबिलं, उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतला मालाचा हिशोब, दुकानांतल्या पावत्या, दवाखान्यांतले केसपेपर यांतलं बरंचसं काम इथल्याच मुलामुलींनी लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चालतं. या सगळ्यांना आणि त्यांच्याकडून काम करून घेणाऱ्या मालक-संचालकांनाही माझी एक कळकळीची विनंती आहे. वापरातून गेलेला कोड कॉमेंट करून ठेवू नका, काढून टाका. मात्र काढण्याआधी तो गिटमध्ये, म्हणजे कोडचा इतिहास जपणाऱ्या प्रणालीत, नीट नोंदला गेला आहे याची खात्री करा, आणि का काढला हे दोन ओळींत लिहून ठेवा.

प्रोग्रॅमर नसलेल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. प्रोग्रॅममधल्या एखाद्या ओळीच्या आधी ठरावीक खूण टाकली, बऱ्याच भाषांत दोन तिरक्या रेघा, की संगणक ती ओळ वगळून पुढे जातो. ही सोय माणसाला माणसासाठी टीप लिहिता यावी म्हणून आहे. पण आपण तिचा वापर बंद पडलेला कोड साठवायला करतो. नवी पद्धत लिहिली की जुनी पुसत नाही, खूण टाकून तिथंच ठेवतो. असं वर्षानुवर्षं चालतं आणि फाइल फुगत जाते.

कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "राहू दे की. उद्या लागला तर?"

ही भीती मी खोटी मानत नाही. छोट्या ऑफिसात सगळा कोड एकाच मशीनवर असतो. त्याची प्रत म्हणजे पेन ड्राइव्हवरच्या "फायनल", "फायनल नवीन", "फायनल नवीन २" अशा झिप फाइल्स. कुठल्या फाइलमध्ये काय आहे, हे ती करणाऱ्यालाही महिन्याभराने सांगता येत नाही. अशा ठिकाणी जुन्या ओळी पुसायला हात धजावत नाही, यात नवल नाही. भीती घालवायची तर आधी तिचं कारण घालवलं पाहिजे. म्हणून "काढून टाका" या सल्ल्याच्या आधी "नोंद ठेवा" हा सल्ला येतो, आणि हा क्रम उलटा करून चालणार नाही.

जुना कोड तिथंच ठेवल्याने नेमकं काय बिघडतं, ते आपल्या रोजच्या कामातूनच पाहू. दूध संस्थेचं बिल घ्या. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), म्हशीच्या दुधाला ६ फॅट आणि ९ एसएनएफ हा पाया धरून दर निघतो. त्याच्या वर गेलं तर वाढ, खाली आलं तर कपात. दूध संघाचं दरपत्रक बदललं की प्रोग्रॅमरला फोन येतो. तो दर काढणारा भाग उघडतो, जुनी आकारणी कॉमेंट करतो आणि खाली नवी लिहितो. पुढच्या दरवाढीला पुन्हा तेच. मध्येच एसएनएफच्या कपातीची रीत बदलते, तीही तशीच. काही वर्षांनी ती फाइल उघडली की एकाखाली एक चार आकारण्या दिसतात. तीन मेलेल्या, एक जिवंत. एकीवर "काढू नये" असं लिहिलेलं आणि खाली कुणाची तरी आद्याक्षरं. तो माणूस कधीच पुण्याला नोकरीला गेलेला.

आता नव्याने लागलेल्या मुलीला सांगतात, "कपात चुकतेय, बघ जरा." ती एसएनएफ हा शब्द फाइलमध्ये शोधते. सापडलेल्या जागांपैकी निम्म्याहून जास्त मेलेल्या ओळींत. त्या ती वाचते, कारण न वाचता त्या मेल्या आहेत हे कळणार कसं? एका आकारणीत कपात गुणून केली आहे, दुसरीत तक्त्यातून घेतली आहे. खरी रीत कुठली? "काढू नये" म्हणजे ती अजून लागते का? जी गोष्ट थोडक्यात उरकली असती तिला दिवस जातो. आणि तिने चुकून जुन्यातलीच एखादी ओळ उचलून वापरली, तर गावातल्या दोनशे-तीनशे दूध उत्पादकांच्या बिलात पैशापैशाचा फरक पडतो. दूध घालणाऱ्या बाईला तो फरक लगेच कळतो. तिला कोड कळत नसेल, पण फॅट किती लागली आणि किती पैसे यायला हवे होते हे तिला पाठ असतं.

कॉमेंट केलेल्या कोडचा आणखी एक दोष आहे. तो तपासला जात नाही. जिवंत कोडमध्ये नाव बदललं, तक्त्यातला रकाना बदलला, तर कंपायलर लगेच ओरडतो किंवा चाचणी फसते. कॉमेंटमधल्या ओळींना हा पहारा नाही. भोवतालचा प्रोग्रॅम पुढे जातो आणि त्या ओळी ज्या दिवशी बंद झाल्या त्या दिवसातच राहतात. दोन वर्षांनी खूण काढून त्या सुरू केल्या तर बहुधा चालत नाहीत. आणि चालल्याच, तर जास्त धोका, कारण त्या जुन्या नियमाने चालतात. म्हणजे ज्या "उद्या"साठी आपण त्या ठेवल्या, त्या उद्याला त्या कामाच्या उरलेल्याच नसतात.

मग जुनं ठेवायचं कुठं? आपल्या शहरात याचं चांगलं उदाहरण आहे. राज्याच्या पुराभिलेख खात्याचं एक दफ्तर कोल्हापुरात आहे. करवीर संस्थानचे मोडी कागद तिथं रुमालात बांधून ठेवलेले आहेत. अभ्यासक तिथं जातात, हवा तो रुमाल सोडवतात, कागद वाचतात. डॉ. आप्पासाहेब पवारांनी ताराबाईंच्या काळातली कागदपत्रं संपादित केली आणि शिवाजी विद्यापीठाने ती छापली, हे कागद कुणीतरी जपले म्हणूनच शक्य झालं. पण म्हणून कुणी आजच्या सातबाऱ्यावर शाहूकालीन नोंदी खोडून-खोडून ठेवत नाही. चालू कागद चालू टेबलावर आणि जुना कागद दफ्तरात. दोन्हींची किंमत राखायची तर त्यांच्या जागा वेगळ्या हव्यात.

प्रोग्रॅमचं दफ्तर म्हणजे व्हर्जन कंट्रोल. ही कल्पना नवी नाही. बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये एससीसीएस नावाची प्रणाली केली, १९८० च्या दशकात वॉल्टर टिची यांची आरसीएस आली, पुढे सीव्हीएस, सबव्हर्जन. लिनक्सचा कोड सांभाळायला लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतलं, आणि आज जगातलं बहुतेक काम त्यावर चालतं. ते फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर, इंटरनेट नसतानाही चालतं. प्रत्येक नोंदीला, म्हणजे कमिटला, त्यात काय बदललं, कुणी, केव्हा आणि का, हे कायमचं जोडलेलं राहतं. एखादा शब्द कोडमध्ये कधी आला आणि कधी गेला, हे "गिट लॉग" या आज्ञेला वजा चिन्ह, मोठा एस आणि तो शब्द जोडून शोधता येतं. चार वर्षांपूर्वी काढलेली आकारणी जशीच्या तशी समोर येते, तीही त्या वेळच्या बाकी सगळ्या फाइलींसह. कॉमेंटमध्ये ठेवलेल्या तुकड्याला हा भोवताल कधीच नसतो.

एक काळजी मात्र घ्या. गिट एकाच मशीनवर ठेवलं तर ते मशीन गेलं की इतिहासही गेला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात कुठवर आलं, हे आपण विसरलेलो नाही. तळमजल्यावरच्या दुकानांत, ऑफिसांत संगणक पाण्याखाली गेले. गिटची चांगली गोष्ट ही की प्रत्येक पूर्ण प्रतीत सगळा इतिहास असतो. म्हणून एक प्रत ऑनलाइन खासगी रिपॉझिटरीत, एक प्रत दुसऱ्या कुणाच्या घरच्या मशीनवर, एवढं रोज संध्याकाळी व्हायलाच हवं. ही सोय झाल्याशिवाय कुणाला "जुनं काढ" असं सांगू नका.

आता दुसरा, जास्त धोक्याचा प्रकार. काही जुना कोड कॉमेंटही केलेला नसतो. तो जिवंत असतो, फक्त त्याला कुणी हाक मारत नाही. यातून काय होतं याचं उदाहरण जगाने १ ऑगस्ट २०१२ ला पाहिलं. अमेरिकेत नाईट कॅपिटल ही शेअरचे सौदे करणारी मोठी कंपनी होती. तिच्या प्रोग्रॅममध्ये "पॉवर पेग" नावाचा एक भाग होता. त्याचा वापर २००३ मध्येच थांबला होता, पण कोड तिथंच राहिला. २००५ मध्ये आसपासच्या कोडची जागा हलवताना त्यातली एक महत्त्वाची मोजणी त्याच्यापासून तुटली, आणि तो वापरात नसल्याने कुणी तपासलं नाही. २०१२ मध्ये नवीन काम जोडताना पूर्वी पॉवर पेग सुरू करणारीच खूण नव्या कामासाठी वापरली. नवा प्रोग्रॅम आठ सर्व्हरवर जायचा होता. सातांवर गेला, एकावर राहून गेला. बाजार उघडला आणि त्या आठव्या सर्व्हरवर नऊ वर्षं झोपलेला कोड जागा झाला. सौदे पुरे झाले का हे मोजणारा भाग तुटलेला असल्याने तो थांबेना. गोंधळात माणसांनी बरोबर असलेल्या सात सर्व्हरवरूनही नवा प्रोग्रॅम काढला, तर तिथंही जुनंच सुरू झालं. सुमारे पाऊण तासात चाळीस लाखांवर सौदे झाले आणि कंपनीचं ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. पुढच्या वर्षी बाजार नियामकाने १ कोटी २० लाख डॉलरचा दंड केला, आणि कंपनीचं स्वतंत्र अस्तित्वही संपलं.

युरोपचं एरियन ५ हे रॉकेट ४ जून १९९६ ला पहिल्याच उड्डाणात चाळिसेक सेकंदांत फुटलं, त्यामागेही असंच कारण होतं. बिघडलेला भाग एरियन ४ साठी लिहिलेला होता. नव्या रॉकेटला उड्डाणानंतर त्याचा उपयोगच नव्हता, पण चालतंय ते कशाला हलवा म्हणून तो तसाच ठेवला होता.

नाईट कॅपिटलची गोष्ट वाचून "आपला काय संबंध" असं म्हणू नका. आपल्याकडे एकच प्रोग्रॅम अनेक गावांतल्या संस्थांच्या मशीनवर असतो आणि त्याची सुधारित प्रत पेन ड्राइव्हवरून नाहीतर फोनवर बोलत बोलत चढवली जाते. एखादं गाव राहून जाणं किती सोपं आहे! म्हणून प्रोग्रॅमचा आवृत्ती क्रमांक पडद्यावर आणि बिलाच्या तळाशी छापत जा. कुठल्या संस्थेत कुठली आवृत्ती आहे याची यादी ठेवा. कोड काढल्याचं काम, तो सगळ्या मशीनवरून गेला की मगच पूर्ण झालं असं समजा.

"याला कुणी हाक मारत नाही" हे ठरवताना घाई करू नका. आपल्या भागातला हिशोब वर्षाच्या चक्रात बांधलेला आहे. दुधाचं बिल दहा दिवसांनी निघतं, पण दरफरक दिवाळीला. ऊसबिलाचा भाग गळीत हंगाम सुरू झाल्यावर जागा होतो आणि उन्हाळ्यात गप्प असतो. व्याजाची आकारणी, लाभांश, मार्चअखेर, ही कामं वर्षातून एकदाच. तीन महिने चाललं नाही म्हणून काढलं आणि दिवाळीच्या तोंडावर दरफरकच निघेना, असं व्हायला नको. त्या भागात एक साधी नोंद टाका, "हे आज वापरलं गेलं" एवढीच. वर्षभर वाट बघा, संस्थेच्या सचिवांना विचारा, आणि मगच काढा.

आणखी एका गोष्टीत आपली गल्लत होते. जुना कोड वेगळा आणि जुना दर वेगळा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. तुपावरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये १२ चा आकडा थेट कोडमध्ये लिहिलेला होता, तो कॉमेंट करून खाली ५ लिहिला गेला. पण जुना दर मेलेला नाही. २१ तारखेला विकलेला तुपाचा डबा गिऱ्हाइकाने पुढच्या आठवड्यात परत आणला, तर क्रेडिट नोट जुन्या बिलातल्या कराप्रमाणेच निघाली पाहिजे. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपायची असतात. म्हणून दर कोडमध्ये लिहूच नका. एक तक्ता करा: वस्तू, दर, कुठल्या तारखेपासून लागू. प्रोग्रॅमने बिलाची तारीख बघून दर उचलावा. दुधाच्या दरपत्रकालाही हेच लागू. मग सभासद मार्चमधल्या बिलाबद्दल विचारायला आला तरी उत्तर तयार असतं, आणि दर बदलला म्हणून कोडला हात लावायची वेळच येत नाही. हिशोबाच्या नोंदी पुसायच्या नसतात. कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तर १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाचा माग ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. पुसायचा आहे तो फक्त निरुपयोगी झालेला कोड.

प्रत्यक्ष काढताना ही शिस्त पाळा. काढण्याचं कमिट वेगळं करा, त्यात दुसरी कुठलीही दुरुस्ती मिसळू नका, म्हणजे चुकलं तर तेवढंच उलटवता येईल. संदेशात कारण लिहा, आणि तुमची सगळी टीम मराठी असेल तर बिनधास्त मराठीत लिहा. उदाहरणार्थ: "म्हैस दुधाची गुणाकाराने होणारी कपात काढली. आता कपात दरतक्त्यातून येते. संस्थेच्या लेखी पत्रानुसार." नुसतं "बदल केले" किंवा "फिक्स" असं लिहिणं म्हणजे रुमालावर नाव न घालता तो फडताळात टाकणं. असा इतिहास असून नसल्यासारखाच.

"पण नव्या माणसाला पूर्वी काही होतं हे कळणार कसं?" हा प्रश्न रास्त आहे. जिथं पुन्हा तीच चूक होण्याचा संभव आहे, तिथं कोड न ठेवता शब्दांत टीप ठेवा: "इथं पूर्णांक करण्याची क्रिया प्रत्येक पाळीला करू नये. बिलाच्या शेवटी एकदाच करावी, नाहीतर सभासदाचे पैसे तुटतात." अशी एक ओळ मेलेल्या चाळीस ओळींपेक्षा जास्त शिकवते.

कॉमेंट कधीच करू नये, असं मी म्हणत नाही. दोष शोधताना दोन ओळी तात्पुरत्या बंद करून बघणं हा कामाचाच भाग आहे, फक्त संध्याकाळी कमिट करण्याआधी त्या एकतर चालू करा नाहीतर काढा. सेटिंगच्या फाइलमध्ये वापरणाऱ्याला पर्याय दिसावेत म्हणून बंद ओळी दिलेल्या असतात, त्या राहू द्या. वेबपेजमधल्या कॉमेंटबाबत मात्र सावध राहा. पान उघडणारा कुणीही त्या वाचू शकतो. आणि जुन्या कोडमध्ये पासवर्ड लिहिलेला असेल, तर ओळ काढून भागत नाही, तो गिटच्या इतिहासात राहतो. पासवर्डच बदला.

शिक्षकांना विनंती आहे की प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याला गिटचा इतिहास उघडायला सांगा. काय लिहिलं यासोबत काय काढलं आणि का, हेही विचारा. पहिल्या वर्षाच्या पहिल्या प्रॅक्टिकलपासून ही सवय लागली, तर पुढे कुणाला शिकवावी लागणार नाही.

मालक आणि संचालकांनो, सॉफ्टवेअर करून घेताना झिप फाइलवर समाधान मानू नका. पूर्ण इतिहासासह रिपॉझिटरी संस्थेच्या नावाने मिळेल, असं करारातच लिहून घ्या. आणि प्रोग्रॅमर म्हणाला, "हे चार दिवस मी फक्त जुनं साफ केलं," तर त्या चार दिवसांचे पैसे खुशीने द्या. पुढच्या दरबदलाला ते वसूल होतील.

आणि ज्यांचा हात रोज कीबोर्डवर आहे, त्यांनी या आठवड्यात एवढंच करावं. तुमचा सगळ्यात जुना प्रोग्रॅम गिटमध्ये घाला, त्याची दुसरी प्रत ऑफिसबाहेर ठेवा, मग एकच फाइल उघडा आणि तिच्यातल्या कॉमेंट केलेल्या आकारण्या कारण लिहून काढून टाका. पुढच्या आठवड्यात दुसरी फाइल घ्या. तुमच्यानंतर तो कोड वाचणाऱ्याला आणि त्या बिलावर घर चालवणाऱ्याला, दोघांनाही यात तुमचा आधार आहे.